‘वगळून’ या शब्दाने रचलेले नगर



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या मास्तरांनी हयातीत एकही इमारत बांधली नाही. उमेदीची वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे नकाशे तपासण्यात घालवली आणि उतारवयात ते आम्हांला इमारतविषयक कायदा शिकवू लागले. वास्तुकलेच्या विद्यालयात हा विषय त्या काळी सावत्र मुलासारखा वाढत असे. शनिवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत त्याचा तास असे, आणि कलावंत होण्याच्या आकांक्षेने आलेली आम्ही मुले त्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसत असू. एके शनिवारी मास्तरांनी फळ्यावर एक कलम लिहिले, आणि ‘असू नये’, ‘बांधू नये’, ‘ओलांडू नये’ या शब्दांखाली आम्ही रेघा ओढू लागलो तेव्हा ते म्हणाले, “‘नये’वर बोट ठेवू नका. बोट ठेवायचे ते ‘वगळून’वर. जे करू नये म्हणून सांगितले ते लोक पुष्कळदा करीत नाहीत. पण जे मोजणीतून वगळले ते मात्र झाडून सगळे करतात.”

त्यानंतर चाळीस वर्षे मी नकाशे काढले, ते मंजूर व्हावेत म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि दरवेळी ते वाक्य मला नव्याने पटत गेले. आजचे व्याख्यान त्या एका वाक्याचे भाष्य आहे असे समजावे.

राजाज्ञेने वास्तूला आकार यावा ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली नव्हे. शनिवारवाड्याची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे : सगळा वाडा दगडी बांधण्याचा पेशव्यांचा मनसुबा होता, पण दगडी वास्तू उभारण्याचा अधिकार केवळ छत्रपतींचा म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि जोत्यावरचे मजले विटांचे झाले. आख्यायिकेला दस्तऐवजाचा मान देण्याचे कारण नाही. तथापि वास्तूचे साहित्य कारागिराच्या मर्जीने न ठरता हुकुमाने ठरते ही समजूत लोकमानसात किती जुनी आहे, एवढे तिच्यावरून दिसते. मला मात्र आज मुंबईविषयी बोलायचे आहे, कारण कायद्याने घडवलेले आणि कायद्यानेच बिघडवलेले शहर म्हणून तिच्या तोडीचे दुसरे उदाहरण आपल्याजवळ नाही.

मुंबईच्या इतिहासात १८९६ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोटाचे तट १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर फ्रियरसाहेबांच्या अमदानीत पाडले गेले होते आणि जुना हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, रुंद होऊन त्याच्या दोहों बाजूंना व्यापारी इमारती उठू लागल्या होत्या. या रस्त्यावरील इमारतींनी तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवावी असा नियम १८९६ मध्ये झाला. नियमाने एवढेच सांगितले आणि तो थांबला. वर गॉथिक शिखर चढवा, ग्रीक स्तंभ बसवा, की मोगली घुमट ठेवा, याविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. परिणाम असा की त्या रस्त्यावर प्रत्येक इमारत आपापल्या तोऱ्यात उभी आहे, आणि तरीही खालून चालणाऱ्याला आषाढाच्या झडीत छत्री न उघडता कमानींच्या आसऱ्याने बरीच मजल मारता येते. नियम करणाऱ्याला कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे याची जाण असली म्हणजे काय घडते, हे पाहायचे असेल तर मी विद्यार्थ्यांना अजूनही त्या ओवरीत नेतो. फेरीवाल्यांच्या गर्दीतून चालताना ते कुरकुर करतात. पण ऊन आणि पाऊस दोन्ही टळतात हे त्यांना मान्य करावे लागते.

त्याच १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी विभागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगश यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, निदान केले आणि शहराची झोप उडाली. पुढील वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात त्याच्या अंमलबजावणीतून काय रामायण घडले ते येथे सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईत घरांच्या भिंतींवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली, आणि कोंदट खोल्यांत उजेड शिरावा म्हणून सरकारी माणसांनी छपरांवरची कौले उतरवली. हा उपाय विलक्षण वाटतो खरा, परंतु रोगाचे मूळ अंधारात आणि कोंडलेल्या हवेत आहे, अशी तत्कालीन वैद्यकाची धारणा होती. त्या धारणेतूनच १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. त्याने नागपाड्यापासून आरंभ करून जुन्या दाट वस्त्या फोडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे हमरस्ते वस्तीच्या काळजातून नेले, आणि पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे फारच थोडी बांधली. ज्यांची घरे गेली ते लगतच्या चाळींत दाटीने शिरले. अंधार एका गल्लीतून उठून दुसरीत जाऊन बसला. शेजारच्या गावांत १९१४-१५ मध्ये हिंडणारे पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ अशा सरसकट पाडापाडीला विरोध करून, वैद्याने जपून छेद घ्यावा तसे वस्तीला हळुवार हाताळा, असे सांगत होते. त्यांचे ऐकणारे थोडे होते.

पण ट्रस्टची एक गोष्ट मला मोलाची वाटते, आणि तिच्यावर जरा रेंगाळण्याची श्रोत्यांनी अनुज्ञा द्यावी. ती म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी ज्याचा हिरिरीने पुरस्कार केला तो नियम थोडक्यात असा : राहत्या खोलीच्या खिडकीपुढे एवढे अंतर मोकळे असावे की, त्या खिडकीपासून साडेत्रेसष्ट अंशांत वर ओढलेली रेषा समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला मिळावी. भूमिती जाणणाऱ्यांच्या लक्षात येईल की या कोनाचा अर्थ सोपा आहे. समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे अंतर मधे हवे. मास्तरांनी सुताराकडून शिसवी लाकडाचा एक त्रिकोण करून घेतला होता, पाया एक वीत आणि उंची दोन विती. तो तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा आणि त्याच्या तिरप्या कडेला डोळा लावून वर पाहायचे. आभाळ दिसले तर इमारत उत्तीर्ण, भिंत दिसली तर नापास. भुलेश्वर-गिरगावच्या जुन्या चाळींतून, दोन इमारतींमधील त्या घरगल्ल्यांतून, आम्ही तो त्रिकोण घेऊन हिंडलो आणि चाळीमागून चाळ नापास करीत गेलो. मग मास्तरांनी आम्हांला दादर-माटुंग्याला नेले.

ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्यानांचा परिसर वसला, तो या कोनाच्या आज्ञेत. घराच्या चारी अंगांना जागा सोडायची, उंची आवरायची, आणि प्रत्येक खोलीला बाहेरची हवा द्यायची, या अटी भाडेपट्ट्यातच नमूद असत. आता पाहा, चौफेर मोकळी जागा सोडली की जुना वाडा संपला. कारण वाड्याचा उजेड मधल्या चौकातून येई आणि त्याच्या बाजूच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना खुशाल टेकलेल्या असत. कायद्याने उजेड बाहेरून आणण्याची सक्ती केली आणि चौक निकामी झाला. तुळशीवृंदावन, पाण्याचा हौद, अंगणातील वाळवण यांना त्या नव्या घरात जागा उरली नाही. दोन-तीन मजली, प्रत्येक मजल्यावर दोन-चार बिऱ्हाडे असलेली, बाहेरच्या बाजूला सज्जा काढलेली स्वयंपूर्ण सदनिका हे जे मध्यमवर्गीय मराठी माणसाचे स्वप्न पुढे तीन पिढ्या टिकले, त्याचा साचा कोणा एका प्रतिभावंत वास्तुशिल्पीपेक्षा एका कोनाने पाडला आहे. तो साचा वाईट नव्हता. त्या दिवशी हिंदू कॉलनीच्या एका तळमजल्याच्या खिडकीत मास्तरांनी त्रिकोण ठेवला आणि आम्हांला आळीपाळीने डोळा लावायला सांगितले. प्रत्येकाला आभाळाची एक पट्टी दिसली.

यानंतर ज्या कायद्याकडे वळायचे, त्यात इमारतीचा शब्दसुद्धा अनुषंगाने येतो, आणि तरीही मुंबईच्या इमारतींवर त्याच्याइतका खोल ठसा क्वचितच कोणी उमटवला असेल. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, घरभाड्यावर तात्पुरते निर्बंध आले. आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० या दिवशीच्या भाड्याला जखडून ठेवले. महागाईने पोळलेल्या भाडेकरूला दिलासा द्यावा हा हेतू न्याय्यच होता, आणि ज्यांनी त्या काळी घरमालकांचे उद्दाम वर्तन पाहिले आहे ते त्याला नावे ठेवणार नाहीत. परंतु तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. खोलीचे भाडे पाच रुपये असेल तर ते पाचच राहिले. गवंड्याची मजुरी, चुन्याचा आणि सागवानाचा भाव मात्र १९४० मध्ये थांबायला तयार नव्हते. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने, घर आपले नव्हे म्हणून, खर्च केला नाही. आणि घर कोणी काढून घेऊ शकत नाही म्हणून, ते सोडलेही नाही. कायद्याच्या मोजणीबाहेर पगडी नावाचा एक सुंदर मराठी शब्द उरला होता. त्याने आपला जुना मान सोडून नवा धंदा आरंभला. गिरगावात, काळबादेवीत, लाकडी खांबांना टेकू दिलेल्या, जिन्याची पायरी गेली तेथे फळी ठोकलेल्या, गॅलरीच्या कठड्यावर पिंपळ उगवलेल्या ज्या इमारती आपण पाहतो, त्यांचे शिल्पकार कोण असे मला कोणी विचारले तर मी बेधडक सांगेन की १ सप्टेंबर १९४० ही तारीख.

इतकेच नव्हे, भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा व्यवहारच आतबट्ट्याचा ठरल्यामुळे चाळ नावाचा वास्तुप्रकार खुंटला. चाळीची लांब गॅलरी ही भाडे घेणाऱ्याच्या हिशेबात बसणारी वस्तू होती. मालकी हक्काने चौरस फुटावर घर विकणाऱ्याच्या हिशेबात ती विकता न येणारी, म्हणून फुकट जाणारी जागा झाली. ती आत ओढली गेली, अंधारी झाली, तिचा ‘पॅसेज’ झाला. चाळीतील शेजारधर्माच्या अंतावर आपल्याकडे पुष्कळ हळवे लेखन झाले आहे आणि त्यात माणसांच्या स्वभावाला दोष देण्याची रीत आहे. मला वाटते, भाडेकायद्याला त्या दोषाचा निदान अर्धा वाटा द्यावा. पुढे १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आले, सुमारे १९,६०० इमारतींवर उपकर बसला आणि ‘उपकरप्राप्त’ हे चमत्कारिक विशेषण रूढ झाले. प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. नवा कायदा २००० मध्ये अमलात आला. तोवर साठ पावसाळे होऊन गेले होते.

आता चटईकडे येतो. मुंबईच्या १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर एक नवी मोजपट्टी आली, तिचे सरकारी मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ असे नामकरण झाले. भूखंडाच्या किती पट बांधकाम करावे याचा हा आकडा. पुढे तो बेटावरील मुंबईला १.३३ आणि उपनगरांना १ असा ठरला. भाषांतरकाराने येथे चटई का आणली हे मला कोणी कधी समजावून सांगितले नाही, पण त्याच्या विनोदबुद्धीला मी नमस्कार करतो, कारण चटईचा गुणधर्म असा की ती गुंडाळता येते, काखोटीला मारता येते आणि दुसरीकडे नेऊन पसरता येते. १९९१ च्या नियमावलीने हेच केले. ज्याची जमीन रस्त्याला वा बागेला गेली त्याला रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क मिळाला. शहरात गुंडाळलेली चटई उपनगरात उघडली जाऊ लागली, आणि रस्ता, गटार, शाळा तेवढीच असलेल्या उपनगरी वस्तीत चार मजल्यांवर आणखी तीन चढले.

परंतु मास्तरांच्या वाक्याची खरी प्रचिती यावी ती सज्जाच्या बाबतीत. सज्जा हवेशीर असतो, घराला त्याची गरज असते, म्हणून नियमाने मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंतचा सज्जा चटईच्या मोजणीतून वगळला. सद्हेतूने दिलेली ही सवलत. तत्काळ प्रत्येक नकाशात बरोबर दहा टक्के सज्जा दिसू लागला, एक चौरस फूट कमी नाही. रहिवाशाने ताबा घेताच त्याला खिडक्या बसवल्या आणि तो खोलीत घेतला. पुढे अधिमूल्य भरून हे बंदिस्तीकरण अधिकृतही करता येऊ लागले. अशा घरात गेलात तर दिवाणखान्याच्या छताला एका बाजूने आडवी तुळई उतरलेली आणि तिच्याखाली फरशीचा रंग बदललेला दिसेल. तेथे एकेकाळी भिंत होती आणि पलीकडे पाऊस पडत असे. मीही असे सज्जे शेकड्यांनी काढले आहेत. गिऱ्हाइकाला ते खोली म्हणून दाखवायचे आणि कचेरीला सज्जा म्हणून, हे दुटप्पी रेखाटन आमच्या व्यवसायात इतके अंगवळणी पडले होते की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले. सज्जामागून फुलझाडांच्या पेट्या आल्या, त्याही वगळलेल्या. विसाव्या मजल्यावर मनुष्यभर रुंदीच्या पेटीत कोणती फुलझाडे लावणार, हा प्रश्न विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. मग हवा-पाण्याच्या नळांसाठी पोकळ्या, शोभेच्या आडव्या पट्ट्या, असे वगळलेल्या वस्तूंचे एक समांतर नगरच उभे राहिले. अखेर जानेवारी २०१२ मध्ये हे सारे मोजणीत धरण्याचे ठरले आणि त्याबदली निवासी इमारतींना, अधिमूल्य घेऊन, ३५ टक्के जादा चटई देण्यात आली. पुढच्या पिढीच्या इमारती पाहा : सज्जा जवळजवळ नाहीसा झाला आहे, दर्शनी बाजू सपाट आणि काचेची झाली आहे. अभिरुची बदलली असे मासिके लिहितात. बदलले होते ते एक कोष्टक.

गिरण्यांच्या जमिनींबाबत तर अवघा इतिहास एका शब्दाच्या व्याख्येवर लटकला. १९९१ च्या अठ्ठावन्नाव्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला येणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, महापालिकेला मैदानांसाठी एक, गृहनिर्माण मंडळाला एक, मालकाला एक. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे ठरले. छपराखालची जमीन, छप्पर पाडल्यावरही, मोकळी नव्हे. गिरणी म्हणजे बहुतांशी छप्परच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. लालबाग-परळच्या मनोऱ्यांकडे पाहताना त्यांच्या पायथ्याशी जी मैदाने दिसत नाहीत, ती त्या व्याख्येत आहेत.

मुंबईबाहेर ही कथा संपते असे नव्हे. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊन शेती परवडेनाशी होऊ नये या उदात्त हेतूने १९४७ मध्ये तुकडेबंदी कायदा झाला. शहरे शेतांपर्यंत येऊन ठेपली तेव्हा गरजूला एक-दोन गुंठे हवे होते आणि कायदा तुकड्याची खरेदी नोंदवू देईना. मग साध्या मुद्रांकावर व्यवहार झाले, अविभाजित हिश्शाच्या नोंदी झाल्या, आणि रेखांकनाची मंजुरी मागण्याची सोयच नसल्यामुळे बांधांवरून जशी वाट तशी गल्ली पडली. पुणे, औरंगाबाद, सांगली यांच्या कडेला पसरलेल्या त्या गुंठेवारीला २००१ मध्ये वेगळा कायदा करून नियमित करावे लागले. त्या गल्ल्यांची वळणे आजही कोणा शेतकऱ्याच्या बांधाची आहेत. अग्निशामक बंबाला ती वळत नाहीत.

येथवर आल्यावर पुन्हा त्या कोनाकडे जाणे मला भाग आहे. झोपडीवासीयांना विनामूल्य घर देण्याची योजना १९९५ च्या सुमारास आली. प्रथम २२५ चौरस फुटांचे, पुढे थोडे मोठे. खर्च सरकारचा नव्हे, विकासकाचा. त्याने उरलेल्या जमिनीवर खुल्या बाजारात घरे विकून तो भरून काढायचा. हिशेब जमण्यासाठी दाटी हवी, आणि दाटी जमण्यासाठी मोकळ्या अंतराचे सर्वसाधारण नियम या इमारतींपुरते शिथिल केले गेले. म्हणजे १८९८ मध्ये ज्यांच्या अंधाराने राज्यकर्त्यांची झोप उडवली, त्यांनाच शंभर वर्षांनी उजेडाच्या नियमातून वगळले. प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी पूर्व उपनगरांत याच नियमांनी संकुले उभी राहिली. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड ही नावे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना परिचित असतील. हवा आणि उजेड ज्या घरांत पोहोचत नाही तेथे क्षयरोग अधिक आढळतो, असा निष्कर्ष तेथील पाहणीतून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मास्तर गेल्यावर तो शिसवी त्रिकोण त्यांच्या घरच्यांनी मला दिला. मागच्या मार्गशीर्षात तो पिशवीत घालून मी पूर्व उपनगरातील अशाच एका पुनर्वसन संकुलात गेलो. तळमजला अधिक सात मजले, म्हणजे उंची सुमारे २४ मीटर. ऑरसाहेबांच्या हिशेबाने मधे १२ मीटर हवेत. मी पावलांनी मोजले. तीन मीटर भरले असतील. भर दुपारचे साडेबारा वाजले होते आणि गल्लीत ओल होती. तळमजल्याच्या एका बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर त्रिकोण ठेवू दिला. आत नळीचा दिवा जळत होता. तिरप्या कडेला डोळा लावला तेव्हा समोरच्या दुसऱ्या मजल्याच्या जाळीवर वाळत घातलेली शाळेची निळी पाटलोण दिसली. तिच्यावर आणखी पाच मजले होते.

“मोजणीवाले का तुम्ही?” बाईंनी विचारले. “मग वरचा मजला मिळेल का बदलून?”

मी नाही म्हणालो. त्यांनी त्रिकोण उलटसुलट करून पाहिला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.